ताईच्या सोफ्यावर झोपणारा

बाजारात त्याला सगळे खिळेकाका म्हणत. जुने सोफे, खुर्च्या, बाकडी उसवून नव्याने बांधून द्यायची हा त्याचा धंदा. या धंद्यात एक हात कापड ताणायला लागतो, दुसरा हातोडी चालवायला. खिळे धरायला तिसरा हात कुठून आणायचा? मग ते तोंडात. मूठभर बारीक काळे खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण काकाने आयुष्यात एकही खिळा गिळला नव्हता. फक्त दिवसभर तो मुका असायचा. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर उभी मान म्हणजे हो, आडवी मान म्हणजे नाही. बायको म्हणायची, "लग्न केलं तेव्हा वाटलं, माणूस शांत आहे. नंतर कळलं, तोंडात लोखंड आहे."

आणि लोखंड काढून बोलला की समोरच्याची धडगत नसे. एकुलत्या एका पोराला तो असाच एकदा बोलला होता. पोराने सांगितलं, मला सोफे बांधायचे नाहीत, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काम मिळतंय, तिकडे जातो. वर्षानुवर्षं शिकवलेलं पोर. काकाने खिळे तळहातावर काढले आणि म्हणाला, "माझ्या हातचं काम नको, तर माझ्या घरातलं अंथरूणही नको." पोरगं बापावरच गेलेलं. पिशवी भरली आणि निघून गेलं. आता दुसऱ्या गावात मित्रांबरोबर खोली घेऊन राहतं, असं बायको सांगायची. काका पुढे काही विचारत नसे. विचारायला तोंड मोकळं लागतं ना.

तर आता ताईचं. ही काकाची थोरली बहीण. तिचा नवरा, म्हणजे दाजी, बऱ्याच वर्षांपूर्वी "जरा जाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. जाताना काकाचं शिलाई मशीन दोन दिवसांसाठी म्हणून नेलं होतं, तेही गेलं. काकाला बहिणीच्या संसाराचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्या मशीनचा विषय निघाला की तो जास्त पेटायचा. ताईला मग सरकारी भत्ता सुरू झाला. घरात दुसरं कुणी कमावतं माणूस राहत नसेल तरच मिळणारा भत्ता. तो चालू ठेवायला भत्ता कार्यालयाची पडताळणीवाली बाई दरवर्षी फेरी मारायची आणि जवळच्या नातेवाइकालाही विचारायची. जवळचा नातेवाईक म्हणजे काका. बाई कारखान्याच्या दारात उभी राहून म्हणायची, "ताई एकट्याच राहतात ना अजून?" काका गालात खिळे धरून मान हलवायचा. बाई पुढे जायची.

त्या वर्षी पडताळणी जवळ आली असताना काका सहज ताईकडे गेला आणि सोफ्यावर टेकला तर बसका, म्हणजे बसायचा भाग, पार जमिनीला लागला. हा सोफा त्यानेच बांधलेला, दाजी असतानाच्या काळात. बहिणीच्या घरात असला सोफा म्हणजे त्याच्या तोंडाला काळं. ताई म्हणाली, "राहू दे रे, मला एकटीला काय करायचंय?" मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." मग म्हणाली, "टेम्पोला उगाच भाडं कशाला?" काकाला वाटलं, बिचारी संकोचतेय. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो घेऊन गेला आणि सोफा उचलून आणला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला कापडाचे तागे, कोपऱ्यात फोमचा ढीग, खाली सदा भुसा. सोफा टेबलावर घेऊन काकाने वरचं कापड उसवलं आणि फोम उघडा केला. मग त्याचे हात थांबले.

रोज बसलेला सोफा आणि रोज झोपलेला सोफा यांत फरक असतो. बसणाऱ्याचा खड्डा गोल आणि पुढच्या काठाशी. इथे खड्डा लांब होता, सोफ्याच्या एका हातापासून पार दुसऱ्या हातापर्यंत. खांद्याशी खोल, कमरेशी खोल, मधे उथळ. डाव्या बाजूच्या हाताचं कापड डोक्याच्या तेलाने काळवंडलेलं. ताई बुटकी, तिच्या मानाने हा खड्डा फारच लांब होता. शिवाय तिची खाट आतल्या खोलीत आहे, ती इथे कशाला झोपेल? काकाने बसका आणि पाठ यांच्यामधल्या फटीत हात घातला. गिऱ्हाइकांच्या सोफ्यांत जे सापडेल ते तो एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि सोफ्याबरोबर परत करायचा. टिकल्या, चमचे, एकदा तर कवळी सापडली होती. इथे सापडला एक मोजा. पुरुषाचा, मोठ्या मापाचा.

"आला वाटतं परत," काका मनात म्हणाला. दाजी. दुसरं कोण असणार? ताईच्या दारात दुसरा पुरुष तो आणू शकत नव्हता, नुसत्या विचारातसुद्धा. नवरा परत आला, चोरून राहतोय, ताई त्याला खाऊ घालतेय आणि वर एकटीचा म्हणून भत्ताही घेतेय. आणि या सगळ्याला साक्षीदार कोण? आपण. दरवर्षी नंदीबैलासारखी मान हलवणारे.

त्याने सोफा उलटा केला. खालचे पट्टे लोंबत होते, पण स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधलेल्या होत्या, गाठी घट्ट, दुहेरी वेढ्याच्या, शेपूट आत खोचलेल्या. ही गाठ बाजारात दुसरं कुणी मारत नाही. इतक्या रागातही त्याला बरं वाटलं. "बघा, इतकी वर्षं झाली तरी माझी एक गाठ सैल नाही." एवढं बोलून त्याने सोफा तसाच कोपऱ्यात सरकवला. त्याला त्या दिवशी पुढे काही सुचेना.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. खड्डा, तेल, मोजा. बायकोचा वाढता हात थांबला.

"सोफा आत्ताच उघडायची काय घाई होती?" ती म्हणाली.

"मी काय विचारतोय आणि तू काय बोलतेस? दाजी परत आलाय. भत्त्याच्या बाईला सांगायला पाहिजे."

"तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"पाहायला कशाला पाहिजे? सोफा सांगतोय की."

"सोफा सांगतोय," बायको म्हणाली. "अहो, सख्खी बहीण आहे ती तुमची. नका पडू या भानगडीत. वन्संच्या पोटावर पाय येईल." आणि उगाचच उठून आत भांडी आवरायला लागली. अजून कुणाचं जेवणही झालं नव्हतं.

पुढचे दिवस काकाचे फार वाईट गेले. हातोडी अंगठ्यावर बसली. एका डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीला त्याने पाठीचं कापड बसक्यावर लावलं आणि सगळं उसवून पुन्हा केलं. डोक्यात एकच घरघर. सांगावं तर बहिणीचा भत्ता जाणार. कदाचित घेतलेला परत मागतील, ती कुठून देणार? न सांगावं तर पुढच्या वेळी बाई विचारेल तेव्हा मान हलवायची, आणि ती मान खोटी. आजवर हलवली ती खरी समजून. आता समजून उमजून हलवायची म्हणजे आपणही त्यांच्यातले. आणि कुणासाठी? आपलं मशीन पळवणाऱ्या माणसासाठी? तो आपण बांधलेल्या सोफ्यावर तंगड्या पसरून झोपणार? ताईचा विचार आला की काकाला कणव यायची, दाजीचा आला की डोकं फिरायचं, आणि दर पाच मिनिटांनी एक जाऊन दुसरं यायचं.

एक गोष्ट त्याला खटकायला हवी होती. दाजी विड्या ओढायचा आणि जिथे बसेल तिथे भोक पाडायचा. या सोफ्यावर एकही जळकं भोक नव्हतं. पण काकाला दाजीच हवा होता, मग भोकं कोण शोधतो?

शेवटी तो भत्ता कार्यालयात गेलाच. टोकन घेऊन बाकावर बसला. शेजारी एक म्हातारा आपल्याच भावाबद्दल काहीतरी सांगायला आला होता आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना मोठ्या आवाजात ते ऐकवत होता. भावाच्या बायकोने कधी त्याला पातळ चहा दिला होता तिथपासून सुरुवात होती. म्हाताऱ्याचे डोळे चकाकत होते, मजा येत होती त्याला. काका ऐकत राहिला आणि त्याला स्वतःचं मशीन आठवलं. आपणही या बाकावर भत्त्यासाठी बसलोय की मशीनसाठी? त्याचा नंबर पुकारला तेव्हा तो उठला आणि दाराबाहेर निघून गेला. टोकन तसंच खिशात राहिलं.

कारखान्यात येऊन त्याने तो सोफा पुन्हा टेबलावर उलटा घेतला. म्हटलं, ठरेल तेव्हा ठरेल, काम तरी उरकू. जुन्या सुतळ्या कापायच्या होत्या. यात त्याला बघावं लागत नसे. स्वतःच्या गाठीचं शेपूट उजवीकडे खोचलेलं असतं, तिथे सुरीचं टोक घालायचं आणि ओढायचं. त्याने टोक घातलं. शेपूट सापडेना. पुन्हा घातलं, सुरी निसटून लाकडात रुतली.

मग त्याने चष्मा लावला. शेपूट डावीकडे होतं. दुसऱ्या गाठीचं डावीकडे. सगळ्या गाठींची शेपटं डावीकडे. आणि सुतळी जुनी नव्हतीच, अजून पिवळी होती.

गाठ त्याचीच. पण ती मारणारा हात डावा.

पोरगं डावखुरं होतं. ही गाठ शिकवताना काकाने त्याच्या डाव्या हातावर किती वेळा फुटपट्टी मारली होती. "शेपूट उजवीकडे. उद्या उघडणाऱ्याला सापडलं पाहिजे." पोरगं म्हणायचं, "बाबा, उघडणारा मीच असेन." काका टेबलाला धरून तसाच उभा राहिला. ज्या पोराला हा धंदा नको होता, त्याने आत्याच्या सोफ्याखाली पडून सगळ्या स्प्रिंगा बापाच्या गाठीने नव्या बांधल्या होत्या. आणि बापाने ते काम पाहून स्वतःचीच पाठ थोपटली होती. त्याने दार ओढून घेतलं, मोज्याचा डबा उचलला आणि ताईच्या घराकडे निघाला.

दार ताईने उघडलं नाही, काकाच्या बायकोने उघडलं. हातात इस्त्री केलेले शर्ट. काकाला बघताच ते तिच्या हातातून खाली पडले.

"म्हणजे तुलाही माहीत," काका म्हणाला.

"आई आहे मी त्याची," बायको म्हणाली.

ताई आतून आली. डबा बघून समजायचं ते समजली. "बस. पोरगं कामावर गेलंय," ती म्हणाली, मग इकडेतिकडे बघितलं. "बसायला तरी कुठे सांगू, सोफा तू नेलास. भिंतीला टेक."

काका भिंतीला टेकून खाली बसला. सोफा होता तिथे फरशीवर एक चादर आणि घडी केलेली चटई होती. त्याने त्या चटईकडे बोट केलं.

"त्यावर झोपतो?"

"मग काय करेल? तू सोफा नेल्यापासून पोरगं फरशीवर झोपतंय. म्हटलं त्याला, माझ्या खाटेवर झोप, तर ऐकत नाही. हसून म्हणाला, आत्या, बाबांनी दुसऱ्यांदा अंथरूण काढून घेतलं माझं."

काकाने हात लांब करून चटईची सुटलेली घडी नीट केली.

"ऑफिसात का नाही सांगितलंस, ताई?" तो म्हणाला. "भाचा राहतो म्हणून सांगायचं सरळ. तो कमावतो. भत्ता कमी झाला असता नाहीतर बंद झाला असता, पण हे चोरून..."

"सांगितलं असतं. पण सांगितलं की ती बाई पहिल्यांदा कुठे येते? तुझ्याकडे. पोराने मला शपथ घातली होती, बाबांना कळता कामा नये. आज सांगू, उद्या सांगू करता करता मी अडकले. खोटं बोलायची हौस नव्हती मला. त्याच्या पगाराला मी हात लावत नाही, तो हिच्याकडे ठेवायला देतो. पण घेतला तो भत्ता घेतला, हे मी नाही म्हणत नाही." ताईने डोळे पुसले. "तू मला बोलायला आलायस ना? बोल. मी ऐकून घेईन."

"मला वाटलं, दाजी आलाय."

ताईला हसू आलं. कसलंतरी कडू हसू. "तो? तो यायचा असता तर तुझं मशीन घेऊन गेला असता का? त्याचं नाव सांगायला निघाला होतास होय."

"निघालो होतो. टोकन घेतलं होतं."

"आणि आता? आता सांगणार नाहीस?"

हाच तो प्रश्न होता. दाजी असता तर काकाने सांगितलं असतं, आज नाहीतर उद्या. खरं बोलायची खाज तेव्हा केवढी होती. आता तेच खरं त्याच्याच दारात येऊन उभं राहिलं, तर तोंड शिवल्यासारखं झालं. बायको हळूच म्हणाली, "या वर्षी मान हलवा. पुढच्या वर्षीपर्यंत काहीतरी मार्ग निघेल."

"नको," ताई म्हणाली. "सांगायचं तर सांग रे तू. मला रोज पडदे ओढून ठेवायचा कंटाळा आलाय. दारावर कुणी थाप मारली की पोरगं आत पळतं, एवढं थोराड पोरगं. भत्ता गेला तर शिवणकाम घेईन. पण एक आहे. सांगशील तर सगळं सांग. तो इथे राहतो एवढंच सांगून मोकळा होऊ नकोस. तो इथे का राहतो, तेही तुझ्याच तोंडाने सांग."

काका उठला आणि निघून आला. डबा तिथेच राहिला.

तो कामाला लागला तो वेड्यासारखा. सोफ्याचे पट्टे नवे, फोम नवा, लांबीला जास्तीचा, खांद्याशी घट्ट. पोराने बांधलेल्या गाठी मात्र त्याने कापल्या नाहीत. बायको जेवायला बोलवायची, तो मान आडवी हलवायचा. मधेच हातोडी ठेवायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. बाईने येऊच नये असं वाटायचं, आणि एकदाची येऊन जावी असंही वाटायचं.

बाई आली तेव्हा तो शेवटचं कापड ठोकत होता. तोंड खिळ्यांनी भरलेलं. ती दारातच उभी राहिली, हातात तिचं नेहमीचं पॅड, पाय जायच्या घाईत.

"काय काका, बरं आहे ना? ताई एकट्याच राहतात ना अजून?"

किती सोपं होतं. मान खाली, मान वर. बाईने तर पेन टेकवलंही होतं.

काकाने हातोडी खाली ठेवली. तळहात तोंडाखाली धरला आणि खिळे काढायला लागला. एक, मग दुसरा, मग बरेचसे एकदम. बाई थांबली. इतक्या वर्षांत तिने या माणसाचा आवाज ऐकला नव्हता.

"नाही," काका म्हणाला. "एकटी नाही राहत."

"कोण असतं?"

"माझा मुलगा. कमावता आहे."

बाईने पॅडवरून नजर वर केली. "कधीपासून?"

"मी त्याला घरातून काढला तेव्हापासून." काका टेबलाला वळसा घालून पुढे आला. "ताईने लपवलं ते माझ्यामुळे. तुम्ही विचारायला माझ्याकडे येता, म्हणून. हे लिहा."

"असं लिहायला जागा नसते काका," बाई म्हणाली. आवाज मात्र तिने मऊ केला होता. "मला एवढंच लिहिता येतं की दुसरं कमावतं माणूस राहतं. भत्ता थांबेल. मागचं काय, ते साहेब ठरवतील, ताईंना बोलावतील. मुलगा तिथून हलला तर ताईंना पुन्हा अर्ज करता येईल. तो तिथेच राहणार आहे का पुढे?"

काकाने हातातले ओले खिळे सदऱ्याला पुसले.

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारलं नाही त्याला कधी."

बाई लिहून गेली. काकाने उरलेले खिळे हातातूनच घेऊन ठोकले, वाकडेतिकडे का होईना. संध्याकाळी टेम्पोवाला आला. दोघांनी सोफा चढवला, दोरी आवळली. टेम्पोवाला पुढे बसला आणि काच खाली करून म्हणाला, "चला काका. ताईकडेच ना?"

काका त्याच्या शेजारी चढून बसला.

"ताईकडे चल," तो म्हणाला. "पण दोरी सोडू नकोस लगेच. सोफा तिथे उतरवायचा की माझ्या घरी न्यायचा, ते झोपणाऱ्याला विचारायचंय."